नंबर, कागद आणि राग



व्याख्यानमाला म्हटली की शिवचरित्र, संतसाहित्य, फार तर अर्थसंकल्प. तिथे ठोकून पळालेली गाडी आणि आपला विम्याचा क्लेम हा विषय घेऊन उभं राहायचं म्हणजे थोडं धाडसच. पण ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्या वकीलसाहेबांची सगळी हयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेली. मी विम्याचा सर्व्हेअर. त्यांचा पक्षकार नुकसान सांगायचा आणि मी ते मोजायचो, असं आमचं नातं. पक्षकार तावातावाने बोलू लागला की ते त्याला अडवत नसत. त्याच्यापुढे एक कोरा कागद सरकवत आणि तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर लिहायला सांगत. बोलणं चालू राही आणि कागदही भरत जाई.

मला आज सांगायचं आहे ते एवढंच, की ठोकणाऱ्यावरचा राग आणि आपली भरपाई ही दोन खाती वेगळी ठेवा. राग रास्त आहे आणि त्याच्यासाठी फौजदारी कायदा आहे. भरपाईला मात्र समोरच्याची माफी लागत नाही, कबुली लागत नाही आणि बहुतेक वेळा त्याची सहीसुद्धा लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे माणसं समोरच्याच्या मागे फोन करत बसतात आणि आपला हक्क थंड होऊ देतात.

आधी दोन प्रसंग वेगळे करू. पहिल्यात गाडी ठोकून निघून जाते आणि नंबर कुणीच टिपलेला नसतो. दुसऱ्यात नंबर मिळालेला असतो, कधी चालकही समोर उभा असतो, पण तो दाद देत नाही. कागद दाखवत नाही, 'जा पोलिसात' म्हणतो, दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाही. बोलण्यात आपण दोन्हीला 'हिट अँड रन' म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 161 मात्र रास्त प्रयत्न करूनही ज्या गाडीची ओळख पटत नाही, तिच्यापुरतंच आहे. नंबर मिळाला की प्रकरण त्या कलमातून बाहेर पडतं आणि गाडीचा मालक व त्याची विमा कंपनी यांच्या दारात जाऊन बसतं. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत भांडणापेक्षा नंबर मोलाचा.

त्या दहा मिनिटांत काय करायचं? कुणाला लागलं असेल तर आधी तो माणूस आणि 112. मग मोबाइल काढा. समोरच्या गाडीची नंबरप्लेट, दोन्ही गाड्या रस्त्यावर जशा आहेत तशा, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, पडलेल्या काचा आणि मागे एखाद्या दुकानाची पाटी, म्हणजे जागेबद्दल वाद राहत नाही. एखाद-दोन साक्षीदारांचे फोन नंबर घ्या. साक्षीदार बिचकला तर त्याला सांगा की मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम 134-अ 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात आलं आहे. पळणाऱ्या गाडीचा पाठलाग करू नका, समोरच्याच्या गाडीची किल्ली काढून घेऊ नका. त्यातून आपल्याच नावावर नवा गुन्हा चढतो. नंबर हातात असेल तर परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपवर टाका. मालकाचं नाव झाकलेलं येतं, पण विमा कुठल्या कंपनीचा आणि कधीपर्यंत चालू आहे ते सहसा कळतं. चालकाने कागद न दाखवल्याने अडतं ते फार तर इथपर्यंत.

नंबर अर्धामुर्धाच दिसला असेल तर सीसीटीव्ही. सोसायटीचा, औषधाच्या दुकानाचा, पेट्रोल पंपाचा कॅमेरा शोधून त्याच दिवशी लेखी विनंती करा. ही रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसली जातात. टोलनाक्याचं किंवा शहराच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मात्र पोलिसांच्या मागणीशिवाय मिळणार नाही, म्हणून तक्रारअर्जातच 'अमुक ठिकाणचं चित्रण मागवावं' असं लिहून द्या. ठाण्यात कधी एफआयआर होते, कधी नुसती नोंद. काहीही झालं तरी क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. किरकोळ चेपलेल्या दाराला विमा कंपनी एफआयआर मागेलच असं नाही. पण माणूस जखमी असेल किंवा समोरच्याकडून वसुली करायची असेल, तर पोलिसांच्या कागदाशिवाय पुढे काही हलत नाही.

आता आपल्या विमा कंपनीकडे वळू. सर्वसमावेशक पॉलिसीत दोन भाग असतात, स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि थर्ड पार्टी. आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा करार आपला आणि आपल्या कंपनीचा. ठोकणारा सापडला की नाही, त्याने चूक मान्य केली की नाही, याचा त्या कराराशी संबंध नाही. कंपन्यांमध्येही 'नॉक फॉर नॉक' नावाची जुनी समजूत आहे. ज्याने त्याने आपल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून द्यावी आणि एकमेकांकडे बिलं फिरवत बसू नये, अशी. तेव्हा 'आधी त्याच्याकडून घेतो, नाही दिलं तर क्लेम करतो' हा क्रम उलटा आहे. कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी उघडू देऊ नका. कळवायला उशीर झालाच तर तेवढ्यावरून प्रामाणिक दावा फेटाळू नये, असं विमा नियामकाचं परिपत्रक 2011 पासून आहे. जून 2024 च्या मुख्य परिपत्रकाने कंपन्यांना दिवसही ठरवून दिले. सर्व्हेअरची नेमणूक 24 तासांत, त्याचा अहवाल 15 दिवसांत आणि अहवाल मिळाल्यावर निर्णय 7 दिवसांत.

इथे गॅरेजमधल्या एका सल्ल्याबद्दल बोललं पाहिजे. गाडी आत येते, सुपरवायझर फॉर्म पुढे करतो आणि 'अपघात कसा झाला' या रकान्याशी आल्यावर हळूच म्हणतो, 'साहेब, कोणी ठोकली वगैरे लिहू नका, पोलिसांचं झंझट लागेल. खांबाला घासली लिहा.' माणूस दमलेला असतो. तो लिहून टाकतो. नंतर सर्व्हेअर येतो. गाडी पांढरी आणि मागच्या दारावर जमिनीपासून दोन फुटांवर लाल रंगाचा पट्टा. बोटाने घासला तर बोटाला लाल भुकटी लागते. खांबाचा घाव उभा आणि अरुंद असतो. हा आडवा, मागून पुढे गेलेला आणि शेवटी खोल झालेला. लाल रंगाचा, पुढे सरकणारा खांब काही कुठल्या महापालिकेने बसवलेला नाही. आता सर्व्हेअरच्या हातात खरं नुकसान आणि खोटी हकिगत अशी जोडी आहे. ज्या दाव्यात एक पैसा खोटा नव्हता, त्यात मालकाने स्वतःच्या अक्षरात खोट लिहून ठेवली. अशा कागदावर कंपनीने नकार दिला तर लढायला जागा फार थोडी उरते. उद्या तो लाल गाडीवाला सापडला तरी आपलाच फॉर्म आपल्याविरुद्ध बोलणार. खरी हकिगत लिहायला चार ओळी पुरतात: उभी असताना किंवा जाताना, अमुक बाजूने, अमुक रंगाच्या अनोळखी वाहनाने धडक दिली, वाहन थांबलं नाही. पोलिसांकडे दिलेलं आणि कंपनीकडे दिलेलं तंतोतंत जुळलं पाहिजे.

क्लेम करावाच का, हाही एक हिशेब आहे, आणि तो रागाच्या भरात जमत नाही. साडेचार वर्षांची 1200 सीसीची गाडी घ्या. पुढचा बम्पर 8,000 रुपये, दार 12,000, हेडलॅम्प 6,000, मजुरी 5,000, रंगकाम 10,000. कर बाजूला ठेवून बिल 41,000. आता घसारा. प्लास्टिकला निम्मा, म्हणून बम्परचे 4,000 आणि प्लास्टिकच्या हेडलॅम्पचे 3,000 धरले जातील. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्याला 35 टक्के, म्हणजे दाराचे 7,800. रंगकामाचा चौथा हिस्सा सामानाचा मानतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे 8,750. मजुरी पूर्ण. बेरीज 28,550. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची 1,000 रुपयांची वजावट. हाती 27,550, खिशातून 13,450. झिरो डेप कव्हर घेतलेलं असेल तर घसाऱ्याचा हा फटका बसत नाही.

दुसरी बाजू नो क्लेम बोनसची. तो 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा चढतो आणि एका क्लेमला शून्यावर येतो. समजा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता दरवर्षी 9,000 आहे आणि आज सवलत 35 टक्के. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी 45, मग 50. केला तर शून्यापासून पुन्हा चढण. पाच नूतनीकरणांत मिळून 10,800 रुपयांची सवलत जाते. वरच्या उदाहरणात क्लेम करणं तरीही शहाणपणाचं. पण नुसता बम्पर खरवडला असेल आणि सात-आठ हजारांत भागत असेल, तर क्लेमच्या कोऱ्या फॉर्मची शांतपणे घडी घाला. कंपनीला कळवणं आणि क्लेमची रक्कम घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी कळवा, एस्टिमेट घ्या, मग ठरवा.

कंपनीने कमी दिलं किंवा नाकारलं तर कारण लेखी मागा. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. आपल्याकडे मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात.

आता नंबर माहीत आहे आणि चालक ऐकत नाही, तो प्रसंग. या माणसाला समाजात जेवढी ताकद आहे असं वाटतं, तेवढी कायद्यात नाही. कलम 134 प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं, 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणं आणि आपल्या विमा कंपनीला माहिती देणं ही त्याची जबाबदारी आहे. ती टाळली तर कलम 187 खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडी कोण चालवत होतं ते सांगायला मालक तयार नसेल, तर कलम 133 खाली पोलिस त्याला ते सांगायला भाग पाडू शकतात. आणि कलम 160 प्रमाणे भरपाई मागणाऱ्याला गाडीची, मालकाची आणि विमा कंपनीची माहिती पोलिसांनी व आरटीओने द्यायची असते. मागा, आणि लेखी मागा.

माणसाला इजा किंवा मृत्यू असेल तर 2022 च्या नियमांनी पोलिसांवरच वेळापत्रक घातलं. पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणापुढे व विमा कंपनीकडे गेला पाहिजे. दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दाखल करता येतो. नाशिकच्या माणसाचा अपघात सोलापूरजवळ झाला म्हणून त्याला प्रत्येक तारखेला सोलापूर गाठावं लागत नाही. मृत्यू आणि शारीरिक इजेच्या थर्ड पार्टी दायित्वाला रकमेची कमाल मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला खासगी मोटारीच्या पॉलिसीत साधारणपणे साडेसात लाखांची असते. चालकाचा परवाना खोटा निघाला तरी जखमीला वाऱ्यावर सोडायचं नाही, कंपनीने आधी द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्णसिंग निकालात पक्की केली. बघा, एवढ्या सगळ्यात चालकाच्या सहकार्याची गरज कुठे आली?

गरज येते ती एका ठिकाणी, आणि तिथेच माणसं फसतात. रस्त्याच्या कडेला मांडवली होते. समोरचा पाच हजारांच्या नोटा काढतो आणि एका चिटोऱ्यावर 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून घेतो. संध्याकाळी गॅरेजवाला सांगतो की आतला क्रॉस मेंबर वाकलाय. आता समोरच्याकडे मागायला तोंड उरत नाही. आपल्या कंपनीचा त्याच्याकडून वसुली करण्याचा हक्कही आपण परस्पर सोडून दिलेला असतो, आणि तो प्रश्न कंपनी विचारते. दुखऱ्या मानेच्या माणसाने तर त्या दिवशी कशावरच सही करू नये.

नंबर सापडतच नाही, आणि घरातलं माणूस गेलेलं आहे, अशा घरांबद्दल बोलताना आकडे सांगावेच लागतात. 1939 च्या जुन्या कायद्यात 1982 साली अशा कुटुंबांसाठी पहिल्यांदा तरतूद आली. मृत्यूला 5,000 आणि गंभीर इजेला 1,000 रुपये. 1988 च्या कायद्यात ते 8,500 आणि 2,000 झाले, 1994 मध्ये 25,000 आणि 12,500. त्यानंतर 28 वर्षं त्या आकड्याला कुणी हात लावला नाही. 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर इजेला 50,000 मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकारी पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. पुढे गाडी सापडली आणि मोठी भरपाई मिळाली तर ही रक्कम तीतून वळती होते. म्हणजे गाडी सापडण्याची वाट पाहत थांबायचं काही कारण नाही.

2022 या एका वर्षात देशात 67,387 हिट अँड रन अपघात नोंदले गेले आणि 30,486 माणसं गेली. या योजनेकडे येणारे दावे त्या मानाने इतके थोडे होते, की जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला: अपघाताची नोंद झाल्यापासून महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर ठाण्याच्या प्रमुखाने कुटुंबाला या योजनेची लेखी माहिती द्यावी. आपल्या तालुक्यात अशा घरी हे पत्र गेलं का, हे विचारणं पत्रकारांचं, सरपंचांचं आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसांचं काम आहे. शिवाय गाडी चालवणारा स्वतः मालक असेल तर त्याच्याच पॉलिसीत 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असू शकतो. मृत्यूनंतर कपाटातली पॉलिसी कुणी उघडून पाहत नाही. उघडा. जखमीसाठी मे 2025 पासून आणखी एक आधार आहे, पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे विनारोकड उपचार, आणि तिथेही ठोकणारा सापडावा लागत नाही.

मघाशी मी दोन खाती म्हणालो. शिक्षेच्या खात्यात काय चाललं आहे तेही पाहू. भारतीय न्याय संहितेत कलम 106(2) आलं. बेदरकारपणे मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद. त्याविरुद्ध जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी संप केला आणि आपल्याकडेही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, त्या आठवत असतील. 1 जुलै 2024 पासून संहिता लागू झाली ती हे उपकलम वगळून. ट्रकचालकांचं म्हणणं होतं की थांबलो तर जमाव जीव घेईल. ही भीती खोटी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्येच जमावाच्या प्रक्षोभामुळे थांबणं शक्य नसेल तर, असा अपवाद लिहिलेला आहे. पण त्या अपवादाने थांबण्यापुरती सूट मिळते, गप्प बसण्याची नाही. पुढच्या पोलिस ठाण्यात जाऊन 'माझ्या गाडीने धडक बसली' हे सांगायला कुठलाही जमाव आडवा येत नाही. 

आणि पळणारा चालक कशापासून पळतो, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर जखमीची भरपाई त्याच्या खिशातून जायची नसते, कंपनी देणार असते. भरपाई चुकवायला म्हणून तो पळाला, तर जे त्याला भरावंच लागणार नव्हतं त्याच्यासाठी त्याने तुरुंगाचा धोका अंगावर घेतला. शिक्षा कितीही वाढवली तरी हे अज्ञान तिने जात नाही. आमच्या धंद्यात पॉलिसी विकताना हप्ता सांगतात, सवलत सांगतात; अपघात झाला तर थांब, कळव, बाकी कंपनी बघेल, हे एक वाक्य कुणी सांगत नाही. ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर मराठीत ठळक छापावं, ही मागणी मी विमा कंपन्यांकडे या व्यासपीठावरून करतो.

शेवटी एक गोष्ट आपल्याकडे. इथे खाली पार्किंगमध्ये स्कूटर लावून आलेल्यांपैकी किती जणांचा विमा आज चालू आहे? सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीने येतो. ती पाच वर्षं संपली की शोरूमवाला आठवण करत नाही आणि आपणही विसरतो. विमा नसलेल्या स्कूटरने कुणाला धडक दिली तर भरपाई मालकाच्या घरादारातून जाते. ज्याला लागलं त्याच्या हातात मात्र निकालपत्र येतं, पैसे येतातच असं नाही. थर्ड पार्टी विमा आपण पोलिसांच्या दंडाला भिऊन काढतो. खरं तर तो, आपल्या हातून कधी काळी इजा होईल अशा अनोळखी माणसाला आगाऊ दिलेला शब्द आहे. समोरचा शब्द पाळत नाही म्हणून चिडण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. आपला शब्द चालू आहे की मुदत संपून पडला आहे, ते आज घरी गेल्यावर पॉलिसीवरच्या तारखेत बघा.